अनिबाल मास्तर आणि थापांचा दिवस

अनिबाल मास्तरांइतका हुशार माणूस आमच्या नदीकाठच्या गावात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका एकटाही कुणी नव्हता. बायको वारली होती. मुलगा हाइरो भांडून बोगोताला गेला, तो सात वर्षं फिरकला नाही. मास्तर रोज माझ्या दुकानात काळी कॉफी प्यायला यायचे आणि एक कोडं घालायचे. कोडं नेहमी एकाच जातीचं, खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा.

"नुबिया, वाटेला दोन फाटे, तिथे दोन नावाडी. एक कायम खरा, एक कायम खोटारडा. कोण कुठला ते ठाऊक नाही. एकच प्रश्न विचारून गावाची वाट काढ बघू."

"मास्तर, मला मक्याच्या अरेपा भाजायच्यात. तुम्हीच काढा."

"अगं, कुणालाही विचारायचं, तो दुसरा कुठली वाट दाखवेल? सांगेल त्याच्या उलट चालायचं." आणि स्वतःवरच खूश व्हायचे. मला कंटाळा यायचा, पण घरी त्यांचं ऐकायला होतं कोण?

आमच्याकडे अठ्ठावीस डिसेंबर हा थापांचा दिवस. कुणीही कुणालाही बनवावं, फसलेल्यानं राग धरू नये. एका वर्षी माझीच जीभ वळवळली. "मास्तर, हाइरो आलाय. स्टँडवर उभा आहे." मास्तर दाढीच्या साबणासकट धावत सुटले. सगळी गल्ली हसली, मीही हसले. मग महिनाभर ते कॉफीला आले नाहीत. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, दुकानातला फोन वाजला. हाइरो होता.

"मावशी, मी कामाला किनाऱ्याकडे चाललोय. दुपारी बस गावात अर्धा तास थांबेल. बाबा स्टँडवर आले तर उतरेन. नाही आले तर काय ते समजेन."

मी दुकान उघडं टाकून मास्तरांच्या घरी पळाले. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आज तारीख काय, नुबिया?"

"आईची शपथ घेते, मास्तर."

"खोटारड्याची शपथही खोटीच. तू म्हणतेस येतोय, म्हणजे येत नाही." त्यांनी दार लावून घेतलं. घसा बसेपर्यंत मी हाका मारल्या.

शेवटी एकटीच स्टँडवर गेले. हाइरो बसच्या दारात उभा राहून माझ्या मागे बघत होता.

"अरे, त्यांना वाटतंय मी थापा मारतेय. चल घरी, दोन मिनिटांची तर वाट."

"मावशी, तुम्ही पहिल्यापासून त्यांचीच बाजू सावरता. राहू द्या." तो आत जाऊन बसला आणि बस निघून गेली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

एकोणतीस तारखेला मास्तर आले. मी सगळं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. या वेळी त्यांनी जराही शंका घेतली नाही. कॉफी पुढे तशीच राहिली.

मग म्हणाले, "तो काय समजला असेल गं?"