पंक्तीतली जागा

थॅलसने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं. पॉम्पेईत लॉलियसच्या घरचा तो लहानपणी विकत आणलेला गुलाम. पाहुणे तक्क्यांवर रेलून जेवायचे आणि हा मद्याचा घडा घेऊन भिंतीशी उभा असायचा.

एका संध्याकाळी लॉलियस खुशीत होता. भरल्या पंक्तीत त्याने हाक मारली, "थॅलस, घडा ठेव खाली. उभं राहून पाय झिजले तुझे. आज पंक्तीला बस, तुला दुसरं कुणीतरी वाढेल."

त्या काळी एवढं पुरे होतं. धन्याने मित्रांदेखत पंक्तीला बसवलं, की गुलाम सुटला; पुढे त्याचं पोट त्याने भरायचं. धन्याच्या पुतण्याने, प्रिस्कसने, सरकून जागा दिली. "बघ हं, सांडू नकोस," तो म्हणाला. सगळे हसले, थॅलसही हसला. सकाळी त्याने डोकं भादरलं आणि सुटलेल्या माणसाची लोकरी टोपी घातली.

"न्यायाधीशापुढे जाऊन पक्कं करून घे की," स्वयंपाकीण म्हणाली.

"धन्याच्या शब्दावर संशय घेऊ होय?"

मूर्खच होता. जन्मभर हुकूम ऐकणाऱ्याला शब्दाची किंमत जरा जास्तच वाटते.

मग व्हेसुवियस फुटला. दगड बरसायला लागले, तेव्हा ते सगळे मित्र लॉलियसच्याच घरी आसऱ्याला आले. कुणी बाहेर पडायला तयार होईना. प्रिस्कस तेवढा थॅलसचा दंड धरून रडत होता. थॅलसने आपली टोपी त्याच्या डोक्यावर ओढली, वर उशी बांधली आणि राखेतून फरफटत त्याला नेआपोलिसला आणलं. मागे घर, धनी, अख्खी पंगत गाडली गेली.

प्रिस्कस वारस ठरला. वारशात त्याने थॅलसलाही धरलं. प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं.

"साक्षीदार कुठायत?"

"राखेखाली, साहेब. एक हे आहेत."

"काका प्यायले की काहीबाही बोलायचे," प्रिस्कस म्हणाला. "मला तर असलं काही आठवत नाही."

"बरं, तुझी टोपी?"

"ह्यांच्या डोक्यावर घातली होती."

लोक खो खो हसले. निकाल लागला.

पुन्हा घडा, पुन्हा भिंत. आपण एकटे त्या राखेतून कसे निसटलो हे प्रिस्कस पाहुण्यांना रंगवून सांगायचा, आणि थॅलस संताप गिळून वाढत राहायचा. असं करत म्हातारा झाला. हात कापायला लागले, मद्य गालिच्यावर सांडायला लागलं. बिनकामाच्या तोंडाला खायला घालणं प्रिस्कसला परवडत होतं, पण जिवावर येत होतं.

एका संध्याकाळी त्याने भरल्या पंक्तीत हाक मारली, "थॅलस, घडा ठेव खाली. उभं राहून पाय झिजले तुझे. आज पंक्तीला बस, तुला दुसरं कुणीतरी वाढेल."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठं मन, म्हणाले. थॅलस घडा छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"म्हणजे आठवत होतं तुम्हाला," तो म्हणाला.

प्रिस्कसने सरकून जागा केली.

"बस," तो म्हणाला. "बघ हं, सांडू नकोस."