चौथी कॉइल

भुताखेताचं मला काही सांगू नका, असं म्हणणाऱ्यांपैकी मी. आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतो — तार जोडलेली नसेल तर करंट नाही, विषय संपला. म्हणून हे आजवर कुठे बोललो नाही. दुसरं कारण म्हणजे... चूक माझी होती.

आम्ही साताऱ्यात राहतो. जुनी पेट्रोल व्हॅन घेऊन मी तिचा कॅम्पर केलाय — मागे पलंग, छोटं सिंक, गॅसची शेगडी. इंजिन पुढच्या सीटखाली. मागच्या वर्षी ती झटके द्यायला लागली, म्हणून चार नवे प्लग आणि त्यांना ठिणगी देणाऱ्या चार कॉइल आणून ठेवल्या. लेक प्राजक्ता बाळंतपणाला आलेली. बायको सुनंदा रोज म्हणायची, "आवं, गाडी तेवढी करून ठेवा. ऐनवेळी कुठं पळायचं?" मी आज-उद्या करत राहिलो.

खंडेनवमी उजाडली. सुनंदानं माझे सगळे पाने पुसून, हळदकुंकू लावून देवापुढे मांडले. पूजेला मांडलेलं हत्यार तिच्या माहेरी दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. दुपारी मायलेकी शेजारी गेल्या आणि मी दोन पाने गुपचूप उचलले. चारही प्लग बदलले, तीन कॉइल बसवल्या... तेवढ्यात फाटक वाजलं. चौथी कॉइल तशीच आडवी टाकली, तिचा बोल्ट खिशात घातला, सीट खाली केली, पाने परत देवापुढे. म्हटलं, रात्री बघू.

"गाडीचं काय झालं?" सुनंदानं विचारलं.

"कालच केली की!"

संध्याकाळी प्राजक्ताचं बीपी चढलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कराडला खाट नाही, आत्ताच्या आत्ता मिरजेला हलवा. अँब्युलन्स बाहेर गेलेली. लेकीला मागच्या पलंगावर आडवं केलं, सुनंदा उशाशी बसली, मी किल्ली फिरवली. कॉइल त्या घाईत विसरलो. खरंच विसरलो.

कराड गेलं, मलकापूर मागे पडलं. रुमालासाठी खिशात हात घातला आणि बोटांना त्या कॉइलचा बोल्ट लागला.

म्हणजे चौथी कॉइल जोडलेलीच नाही. तीन सिलिंडरवर इंजिन लंगडतं, गाडी थरथरते, समोर पिवळा दिवा लागतो. इथे दिवा नाही, थरथर नाही. कान लावून ऐकलं — चारही ठोके स्वच्छ. थांबून बसवावी? पण पाने घरी... आणि बंद केल्यावर परत सुरूच झाली नाही तर?

"आवं, गप का झालासा?"

"ट्रॅफिक आहे गं."

"कुठाय ट्रॅफिक? रस्ता मोकळाच हाय की."

"बाबा, ह्यांच्या नव्या गाडीपेक्षा भारी पळतीय," प्राजक्ता मागून हळू आवाजात म्हणाली.

फक्त मिरज येऊ दे, एवढंच मनात चाललेलं. कुणाला म्हणत होतो, ठाऊक नाही.

पोचलो. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी जिन्यातच बसलो. तोवर वॉचमन आला, "ओ पावणं, गाडी काढा की! वाट अडलीया." किल्ली फिरवली — आणि गाडी गदागदा हलायला लागली. पिवळा दिवा. सीट उचलली... कॉइल तशीच आडवी, वायरसुद्धा जोडलेली नाही.

तिथला मेकॅनिक हसला, "तीनवरच आलासा. टेन्शनमदी कळलं न्हाई तुमास्नी." असेल. पण मागच्या दोघींनाही कळलं नाही?

गेल्या आठवड्यात नातीचा पहिला वाढदिवस झाला. पाहुणे गेल्यावर सुनंदाला सगळं सांगून टाकलं — उचललेले पाने, मारलेली थाप, खिशातला बोल्ट. तिनं नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हंजी वरीसभर ह्ये एकट्यानंच घेऊन फिरताय?"

"हो."

"येडं हायसा तुमी... धरा हिला. पाठ भरून आली माजी."

मी नातीला घेतलं. एवढ्या मोकळ्या हातांनी, पहिल्यांदाच.