नाताळचं मेंढरू

“तिला कशाला शिकवावं लागतं? मावशीच्या पायातून आलंय ते.”

शाळेच्या दालनात पडद्यापलीकडे मिशन दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई कागदाच्या चांदण्या दोऱ्यात ओवत बोलत होत्या. सोबतच्या दोघीजणी हसल्या. मी पडद्याच्या अलीकडे फोनोची, म्हणजे माझ्या चावीच्या ग्रामोफोनची, सुई बदलत होते. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. असतं तरी फरक पडला नसता. मी कुणाला उलटून बोलत नाही, हे बिदरात सगळ्यांना माहीत होतं.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हैदराबादची इंग्रजी शाळा संपवून मी घरी आले होते, आणि अप्पांनी दिलेला फोनो बरोबर आणला होता. मिशनच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी विचारलं, नाताळासाठी बालवर्गाचा एक नाच बसवशील का? आम्ही लिंगायत, पण अप्पा म्हणाले, लेकरांना शिकवायला धर्म कशाला आडवा येतोय, जा.

पहिल्या दिवशी बॅलेच्या संगीताची तबकडी लावली. लेकरं थोडा वेळ कान देऊन बसली. मग एकानं विचारलं, “अक्का, ह्यात गाणारा कवा येतो?” मी भिंतीवर इंग्रजी मासिकातलं चित्र लावलं. पांढऱ्या झग्यातल्या बायका, चवड्यांवर उभ्या, हात वर. मी काही सांगायच्या आत एक सात वर्षांची पोर म्हणाली, “चिंचा तोडायल्यात.”

मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं. मग त्या गार शहाबादी फरशीवर आम्ही सगळे अनवाणी चिंचा तोडू लागलो. ती पोर सगळ्यांत उंच व्हायची. संगीत कुठे दम घेतं ते तिला आधीच कळायचं, आणि ती तिथे हात तसेच धरून थांबायची. हे मी शिकवलं नव्हतं. तिच्या मावशीनंही नाही.

तिची मावशी लहानपणीच देवीला सोडलेली जोगतीण होती, जत्रेत नाचायची. लेकीवर ती पाळी येऊ नये म्हणून हिच्या आईनं गाव सोडलं, बाप्तिस्मा घेतला, पोरीला मिशनच्या बोर्डिंगात घातलं आणि स्वतः दवाखान्यात झाडलोट करू लागली. ही हकीकत सगळ्यांना ठाऊक होती. प्रार्थनेच्या वेळी आईचं कौतुकही व्हायचं.

चांदण्या ओवून होईपर्यंत बायकांचं ठरलं. तहसीलदारसाहेब सहकुटुंब येणार. ही नाचताना दिसली तर लोक नाही ते बोलतील. तिनं घोंगडं पांघरून येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीपाशी मेंढरू होऊन बसावं. मधली जागा डॉक्टरीणबाईंच्या लेकीला. मोठ्या बाईंनी मला हे फार हळू आवाजात सांगितलं, आणि वर म्हणाल्या की मुलीच्याच भल्यासाठी आहे.

याच डॉक्टरीणबाई मुंबईत पाहिलेल्या बॅलेची गोष्ट दर चहाला सांगायच्या, केवढी थोर कला म्हणून. त्यांची लेक टाच उचलते तेव्हा ती कला. या पोरीनं उचलली की मावशी. फरशी तीच, तबकडी तीच, शिकवणारी मीच. देवीच्या अंगणातून आईनं जिला पळवून आणलं, तिला या बायका येशूच्या गव्हाणीपाशी पुन्हा त्याच अंगणातली ठरवत होत्या, आणि तेही इतक्या गोड शब्दांत. भांडायची सवय मला ना मराठीत होती, ना इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी तालमीला पोर घोंगड्याची घडी काखेत घेऊन आली.

“अक्का, मी मेंढरू कामून? माझं चुकायलंय का?”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती गव्हाणीपाशी जाऊन बसली. तबकडी सुरू झाली, पोरं चवड्यांवर उभी राहिली, आणि घोंगड्याखाली दोन हात वर चढले. संगीत थांबलं तिथे घोंगडंही थांबलं.

“मेंढरं अशी हलत नसतात गं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “की तुझ्याकडची नाचतात?”

बायका हसल्या. घोंगडं खाली बसलं.

मी सुई उचलली. नाचणारी लेकरं टाचा वर धरून माझ्याकडे पाहू लागली. मोठ्या बाईंनी विचारलं, चावी संपली का?

तोंडातून आली ती घरची बोली.

“चावी हाय, बाई. डॉक्टरीणकाकू काल पडद्यामागं काय बोलल्या ते मी ऐकलंय. ही पोर मधी नाचंल, न्हाईतर कुणीच नाचणार न्हाई. फोनो माझा हाय.”