छत्रीचं तोंड

वस्तीत त्याला सगळे छत्रीवाला म्हणत. घरोघरी टीव्हीच्या छत्र्या बसवण्यात, त्यांचं तोंड बरोबर उपग्रहाकडे वळवण्यात त्याची उभी हयात गेली. मग त्याच्या घरापुढं टोलेजंग इमारत उठली. बिल्डरनं जमीन घेतली ती घेतली, वर आभाळही गिळलं. उपग्रह इमारतीच्या आड गेला. छपरावर छत्री कुठंही हलवली, तरी टीव्ही बंद तो बंदच.

अंथरुणाला खिळलेली आई म्हणाली, "थोडी कळ काढ रे. चंद्र सरकतो, तसा तोही सरकेल."

"नाही सरकत, आई!" तो खेकसला. "तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला कायम एकाच जागी. सरकत असता, तर माझं पोट कशावर चाललं असतं?"

आई काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

पुढं त्याच इमारतीच्या गच्चीवर छत्र्या बसवायचं काम त्याच्याकडे आलं. नाही म्हणायची ऐपत कुणाची? पहिल्याच झटक्यात सिग्नल मिळाला.

"जादू आहे हो तुमच्या हातात!" तिथल्या बाई म्हणाल्या.

त्यानं कठड्यावरून खाली पाहिलं. त्याच्या छपरावरची छत्री तोंड वासून थेट त्याच्याकडेच बघत होती.