मनकर्णा आणि सरदारचा भोवरा

हजेरीत ‘मनकर्णा’ हे नाव पुकारल्यावर सरांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. त्यांना बहुधा नऊवारीतल्या आजीबाई अपेक्षित होत्या. उठली ती अठरा वर्षांची, जीन्समधली, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची पोरगी. "आजीचं नाव हाय सर. ती गेली, नाव मले देऊन गेली," म्हणाली आणि बसली.

अमरावतीच्या त्या कला महाविद्यालयात पेंटिंगला आम्ही नऊ जण होतो. आठ जणांना चित्रकार व्हायचं होतं, मनकर्णाला नुसती चित्रं काढायची होती. हा फरक मला फार उशिरा कळला. तोवर मी अकोल्यात जठारपेठेत फ्लेक्सचं दुकान टाकून बसलो होतो.

दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून तिच्या बापानेच, किसनरावांनी, तिला चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसवलं होतं. गुण मिळाले, पण पोरगी थांबेना. "औषध म्हनून पाजलं, तं तिले चटकच लागली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तिच्यात एकच खोड होती. जे दिसेल तेच काढायची. एकदा आम्ही सगळ्यांनी प्राचार्यांचं व्यक्तिचित्र केलं. आमच्या चित्रांत ते विचारवंत दिसत होते. हिच्या चित्रात ते डब्याची वाट पाहत होते, आणि खरं म्हणजे तेच करत होते. सरांचं एक वाक्य मात्र तिने गाठीशी बांधलं होतं, "आधी हाडं, मग अंग, मग कपडे. कपड्यांपासून सुरुवात करतो तो शिंपी."

पदवी झाली आणि किसनरावांनी मुदत दिली. "पोळ्यापर्यंत तुह्यं एक तरी चित्र कोनी आपल्या घरात लावलं, तं पाहू. नाई तं अमरावतीचं स्थळ आलं हाय, त्याईले हो म्हनतो."

गिऱ्हाईक मीच गाठून दिलं. खुशालराव नावाचे बडे शेतकरी पोळ्यासाठी आपल्या बैलाचा, सरदारचा, फ्लेक्स करायला दुकानात आले होते. मी त्यांना म्हटलं, फ्लेक्स वर्षभरात विटतो, त्यापेक्षा ऑइल पेंटिंग करा, नातवंडं पाहतील. स्वतःच्या पायावर असा धोंडा मी आयुष्यात एकदाच पाडून घेतला. खुशालराव खूश झाले. "लाल झुलीसकट काढजो," एवढंच त्यांनी मनकर्णाला बजावलं आणि चार दिवसांसाठी सोयऱ्यांकडे गेले.

आता झूल म्हणजे बैलाचे कपडे. मनकर्णाने पहिल्याच दिवशी सरदारची झूल काढून ठेवली आणि गोठ्यात पाट मांडून बसली. हाडं झाली, अंग झालं. झूल रंगवायची तर खालचा रंग आधी वाळायला हवा, आणि श्रावणातल्या दमट हवेत तो काही वाळेना. म्हणून पाच फुटांचं ते चित्र तिने बैठकीत भिंतीला टेकवून ठेवलं.

खुशालराव परतले त्याच सकाळी अकोटकडचे देवमन आले. पोळ्यानंतर सरदारला विकायचा सौदा त्यांच्याशी ठरलेला होता, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. मी चित्राची फ्रेम घेऊन पोचलो, तर देवमन चित्राला नाक लावून उभे. वशिंडाच्या मागे केसांचा रुपयाएवढा भोवरा होता, त्यावर त्यांचं बोट.

"हा कोनाचा?"

"सरदारचा," मनकर्णा म्हणाली. "झूल घालाची बाकी हाय."

तिथे भोवरा असलेला बैल मालकाला लाभत नाही, असं शेतकरी मानतात. मला असलं काही पटत नाही, पण बैल मी घेणार नव्हतो. खुशालरावांनी सरदारला बारा महिने झूल का घातली होती, ते आता माझ्या ध्यानात आलं. ते घाईने मधे पडले.

"पोरीची चूक झाली! ब्रश घसरला तिचा. सांग ना वं, घसरला ना?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तर चित्र त्या बैठकीत लागलं असतं आणि अमरावतीचं स्थळ टळलं असतं. मी देवमनच्या पाठीमागून मान डोलावून डोलावून दुखवून घेतली.

"ब्रश घसरला असता, तं केसं असे गोल कायले फिरले असते?" ती म्हणाली. "चाला, दाखवते."

देवमननी गोठ्यात जाऊन झूल उचलली. सौदा मोडला. खुशालरावांनी आम्हाला ओल्या चित्रासकट हाकलून दिलं.

ऑटोत ती रडली. मी भयंकर चिडलो होतो. खोटं बोलायला तुझं काय जात होतं, असंही म्हणालो. "मले दुसरं येतच नाई रे," ती म्हणाली. मला मात्र दुसरंच येत होतं आणि त्यावरच माझं दुकान चाललं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी देवमन किसनरावांच्या अंगणात हजर. "बैल नोको. पन असं जनावर पुन्हा पाहाले भेटत नाई. हे चित्र द्या. चित्रातला भोवरा कोनाले खाते?" मनकर्णा कुंचला शोधायला लागली तसे ते ओरडले, "झूल नोको घालू त्याले!" चित्राचा भाव काय सांगायचा, हे आम्हाला चार वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. तो मी सांगितला आणि सांगताना मीच लाजलो. देवमन चित्र घेऊन गेले. किसनराव नुसते "हूं" म्हणाले, स्थळाचं काय ते बोललेच नाहीत.

त्यामुळे पोळा झाल्यावर अमरावतीचे पाहुणे आलेच, तेव्हा मी मनातून घाबरलो. मुलगा रेल्वेत, बडनेऱ्याला. नवा कोट, केस चापून बसवलेले. आई सांगत होती, पोरगा लाखात एक, सुपारीचंही व्यसन नाही. मनकर्णा चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

"चहा मंग," किसनराव म्हणाले. "आंदी पोराले त्या खुर्चीवर दोन घंटे बसवा. उजेडाकडे तोंड करून. मनू त्याचं चित्र काढते."

"काहून?" मुलाच्या आईचा आवाज चिरकला.

"तुमी पोरगी पाहाले आले, बरोबर हाय. पन आमच्या घरात पाहाचं काम तिचं हाय."

मुलाने कोटाची बटणं लावली, पुन्हा काढली. मनकर्णाने ट्रे खाली ठेवला आणि बापाकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"पाहून काय राहिली," किसनराव म्हणाले, "पेन्सिल आन."