दोन नंबरचं हेडिंग

पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घरात तेव्हा दोघंजण कंत्राटावर होतो. भाऊ डोलवीच्या प्लांटमध्ये आणि मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत. घरात कायम म्हणावं असं एकच होतं, आईचं बोलणं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कंपनीत स्टोअर, डिस्पॅच आणि अकाउंट्ससाठी नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते कसं वापरायचं हे विचारायला दिवसभर आमच्या कॉम्प्युटर विभागात फोन यायचे. विभाग म्हणजे साहेब आणि मी. साहेबांनी कुठल्याशा मासिकात विकी नावाच्या प्रकाराबद्दल वाचलं. पानं कुणीही उघडावीत, कुणीही सुधारावीत, असा तो उदार मामला. त्यांनी कंपनीच्या नेटवर्कवर तसं एक उभं केलं आणि मला म्हणाले, "सगळी माहिती यावर चढवा. फोन बंद झाले की तुमच्या कायमच्या ऑर्डरचं मी बघतो." त्या दिवशी एसटीत पेणपर्यंत उभ्याने आले, तरी पाय दुखले नाहीत.

पानं टॅग लावून, म्हणजे प्रत्येक हेडिंगला नंबराची खूण करून, लिहायची होती. एच वन म्हणजे सगळ्या पानांच्या मिळून होणाऱ्या पुस्तकाचं नाव, ते एकच. एच टू म्हणजे विभाग. एच थ्री म्हणजे त्या विभागातलं एकेक काम. एच टू कुठेकुठे आहेत ते बघून साहेबांचा प्रोग्रॅम आपोआप अनुक्रमणिका बनवायचा. मला ही मांडणी फार आवडली. कोण कुणाच्या पोटात हे एकदा ठरलं की भांडणाला जागाच नाही, असं मला वाटायचं. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं.

पहिला शोध स्टोअरकीपरना लागला. दोनाचा एक केला की अक्षर मोठं होतं. त्यांनी केला, आणि 'स्टोअर' हे नाव पुस्तकाच्या नावाएवढं झालं. डिस्पॅचवाल्यांनी ते चहाच्या वेळी पाहिलं आणि चहा संपायच्या आत त्यांचंही वाढलं. अकाउंट्सचे साहेब वयाने मोठे. त्यांनी एच वन तर केलंच, वर ठळक करून खाली रेघही मारली. लग्नपत्रिकेत कुठल्या काकांचं नाव कुठे यावं यावरून आमच्या घरी होतं तेच सगळं इथे सुरू झालं, फक्त जेवणावळ नव्हती.

मी सकाळी येऊन सगळ्यांना दोनवर आणायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे परत एकवर. शेवटी स्टोअरमध्ये जाऊन समजावलं, "अहो, आकडा म्हणजे मोठेपणा नाही. आकडा म्हणजे जागा."

"तेच बोलतोय ना मॅडम," स्टोअरकीपर म्हणाले. "इतकी वर्सं स्टोअर सांभाळतोय. दोन नंबरचं काय चालत नाय आमच्याकडं. उद्या ऑडिटवाल्यानं वाचलं तर?"

एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा रडू यायचं बाकी होतं, कारण एच टू एकही न उरल्यामुळे अनुक्रमणिका कोरी झाली होती. कुणाला काही सापडेना आणि फोन पूर्वीपेक्षा वाढले. प्रत्येक फोन खाली ठेवून साहेब माझ्याकडे बघायचे. माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. मी म्हटलं, पानाला कुलूप लावू या. "मग ती विकी कसली?" साहेब म्हणाले.

मला भयंकर राग आला, आणि रागातच मार्ग सुचला. कुठलं हेडिंग कसं दिसावं हे ठरवणारी एक वेगळी फाइल असते, स्टाइलशीट. तीत मी एच टू टपोरं आणि लालभडक केलं. एच वन इतकं बारीक आणि फिकट केलं की चष्मा पुसून वाचावं. पुस्तकाचं नावही त्यात बारीक झालं, पण त्याला रुसायला काका नव्हते.

सकाळीच स्टोअरमधून फोन आला. "मॅडम, आमचं नाव बारीक कुणी केलं?"

"एक नंबर आता असाच दिसतो. मोठा दोन नंबर दिसतो."

पलीकडे जरा विचार झाला. "मग आमाला दोनवरच घ्या. पन डिस्पॅचला सांगू नका."

डिस्पॅचला सांगावंच लागलं नाही. दुपारपर्यंत सगळे आपण होऊन दोनवर उतरले, अकाउंट्सचे साहेब रेघेसकट. अनुक्रमणिका भरली. आठवडाभरात फोन इतके कमी झाले की साहेब मधूनच रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का ते बघायचे.

ऑर्डर आली. मी कायम झाले होते. पदाच्या खाली लिहिलं होतं, श्रेणी दोन. मी तडक साहेबांच्या टेबलाशी गेले. "दोन का, सर?"

"अहो, तुम्हीच सांगत फिरत होतात ना," साहेब शांतपणे म्हणाले, "आकडा म्हणजे मोठेपणा नाही, जागा."

"मग एकवर कोण?"

"मी."

मला ते लागलं, अगदी स्टोअरकीपरना लागलं होतं तसंच. रामवाडीला पोचेपर्यंत लागतच होतं. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने ऑर्डर देवापुढे ठेवली आणि पेढे घेऊन शेजारी गेली.

"काय गो, कसले पेढे?" शेजारीण विचारत होती.

"माझी पोर कायम झाली कंपनीत," आई म्हणाली. "एक नंबर हाय ती तिथं."

मी ओट्यावर उभी होते, सगळं ऐकू येत होतं. एवढे दिवस एक दिसला की त्याचा दोन करत आले होते. तो एक मी तसाच राहू दिला.