भूगोल, इयत्ता आठवी: बोरीवली ते मालाड, वर्सोव्यामार्गे

उपनगरातल्या उपनगरात एका दिवसाची सहल सुचवा, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्याकडे एकच आहे आणि ती मी ऐंशीच्या दशकात, तेराव्या वर्षी, निम्मी रडत केली. मार्ग असा: बोरीवली, विक्रोळी, वर्सोवा, तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, मढ, मग मालाड. बोरीवलीहून सरळ मालाड तेव्हाही अर्ध्या तासावर होतं. आम्हाला अख्खा दिवस लागला.

निघण्याचं कारण एक वही. माझा भाऊ दिलीप सतरा वर्षांचा होता आणि जेवतानाही ताटात बोटाने चित्रं काढायचा. रविवारी शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर अंतराळयानांची मालिका बघून आणि वाचनालयातून भाड्याने आणलेली कॉमिक्स वाचून त्याने स्वतःचा नायक घडवला होता, हवालदार धूमकेतू. खाकी हाफपँट, पाठीवर रॉकेट, हातात दंडुका. मुंबईची वीज चोरून मंगळावर नेणाऱ्या डॉक्टर पाऱ्याच्या तो मागावर असायचा. चित्रं दादाची, फुग्यांतले शब्द माझे. चोवीस पानं झाली तेव्हा मालाडच्या एका मुलांच्या साप्ताहिकाला दादाने पत्र टाकलं आणि संपादकांचं उत्तर आलं: शनिवारी पाचच्या आत वही दाखवायला या.

संपात बाबांची गिरणी गेली होती आणि चित्रांनी पोट भरतं हे त्यांना कोणी पटवू शकत नव्हतं. दादासाठी त्यांनी एका कारखान्यात हेल्परची जागा बघून ठेवली होती. "शनिवारी तो साहेब हो म्हणाला तर बघू. नायतर सोमवारी डबा घेऊन निघायचं," ते म्हणाले. बाबा एकदा बोलले की विषय संपायचा.

शनिवारी सकाळी वही जागेवर नव्हती. कॉमिक दिसलं की बाबा ते बंबात घालायचे, म्हणून मीच वहीला खाकी कव्हर घालून लेबल लावलं होतं: भूगोल, इयत्ता आठवी. मोठी हुशारी केली होती! आता निकाल लागला की जुनी पुस्तकं नात्यातल्या पुढच्या मुलाकडे जातात, ही आमच्या घरांतली रीत. आईने आठवीचा अख्खा गठ्ठा सुतळीने बांधून आठवड्यापूर्वीच विक्रोळीच्या मावशीकडे पाठवला होता.

"माका काय म्हायत?" आई रडकुंडीला आली. "वर भूगोल लिवलेला होता ना!"

दादा चपला घालून दारात उभा राहिला. त्याने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

बोरीवलीहून महामार्गाने अंधेरी, तिथून दुसऱ्या बसने साकीनाक्यावरून घाटकोपर आणि तिसऱ्या बसने विक्रोळी. मे महिना, बसचे पत्रे तापलेले. तुम्ही गेलात तर सकाळी सातला निघा, आम्ही नऊला निघालो आणि मावशीच्या दारात पोचेस्तोवर बारा वाजले. मावशी कंपनीच्या वसाहतीत राहायची, मागे खाडी आणि तिवरं. एरवी मी तिथे चार दिवस राहिले असते. मावशीने गठ्ठा समोर ठेवला. इतिहास होता, विज्ञान होतं, भूगोल नव्हता.

"अगं, आमच्या बंड्याला भूगोल आधीच मिळाला होता," मावशी म्हणाली. "म्हणून मी तो ह्यांच्या खात्यातल्या काशिनाथदादांना दिला. वर्सोव्याचे ते, त्यांची सुगंधा आठवीत गेलीय. आधी पन्हं घ्या रे, तोंडं बघा केवढीशी झालीत!"

पन्हं आम्ही उभ्यानेच प्यायलो. त्या उन्हात वेलचीचं गार पन्हं म्हणजे स्वर्ग, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

तोच रस्ता उलटा, मग अंधेरी पश्चिमेहून वर्सोव्याची बस. साकीनाक्याला एक ट्रक आडवा झाला होता आणि बस तासभर हलली नाही. दादा खिडकीच्या गजावर नखाने काहीतरी रेखाटत होता. "दादा, बोल ना रे," मी म्हटलं. "काय बोलू? सोमवारी डब्यात काय न्यायचं ते बोलू?" तो म्हणाला.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात शिरलो तेव्हा तीन वाजले होते. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते आणि त्याच रांगेत, चिमट्यांना लटकून, हवालदार धूमकेतू वाळत होता. चोवीसच्या चोवीस पानं. माझ्याएवढी एक मुलगी शेजारी काठी घेऊन कावळे हाकलत होती. हीच सुगंधा.

"तुमचा हाय काय ता?" ती घाबरून उभी राहिली. "आमी सगली पोरा होडीत बसून वाचत व्हतो. लाट आली, पान्यात परला. मी उरी मारून कारला गो!"

दादाने पानं पाहिली. त्याची रेघ पक्क्या काळ्या शाईची, ती जशीच्या तशी होती. माझे शब्द मात्र साध्या निळ्या पेनाचे, ते पार धुऊन गेले होते. सगळे फुगे रिकामे, नुसते निळसर डाग. नायकाचं तोंड उघडं आणि आत काही नाही. मी मटकन वाळूत बसले. कथा मला पाठ होती, पण त्या घाईत एक वाक्य धड आठवेना. "हे दुष्टा, तुझा अंत समीप आला आहे" एवढंच आठवत होतं आणि ते आता आठवून मलाच कसंतरी झालं.

"मना येते की," सुगंधा म्हणाली. "आमी रोज खेलतो." आणि ती काठी दंडुक्यासारखी उगारून कावळ्यांवर गरजली, "पाऱ्या, तुजी होरी भरली रं! आता बुर गपचूप!"

तिची होरी म्हणजे होडी, बुर म्हणजे बूड. दादा दिवसभरात पहिल्यांदा हसला. "ती सांगते ते लिही," तो मला म्हणाला. "वेळ नाहीये."

सुगंधा तिचं बॉलपेन घेऊन आमच्याबरोबर तरीत चढली. वर्सोवा ते मढ हा तरीचा प्रवास तुम्ही जरूर करा, दहा मिनिटांची मजा आहे. मी मात्र पाणी पाहिलंच नाही. ती बोलत होती, मी मांडीवर पान धरून लिहीत होते, दादा उरलेली पानं वाऱ्यापासून छातीशी धरून बसला होता. मढच्या बसथांब्यावर शेवटचा फुगा भरला. बस सुटली तेव्हा ती खाली उभी राहून काठी हलवत होती.

मालाडला कचेरीच्या पायऱ्या चढलो तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. संपादकांनी पानं हातात घेतली, नाक आक्रसलं, उठून खिडकी उघडली. मग वाचायला लागले. दोनदा हसले.

"चित्रं चांगली आहेत. दर आठवड्याला दोन पानं द्या," ते दादाला म्हणाले. "पण ही भाषा! असा बोलणारा हवालदार मी पाहिला नाही. शब्द कोणाचे?"

मी माझं नाव सांगितलं. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दादा कारखान्यात गेला नाही. पुढे जन्मभर चित्रांवर जगला. बाबा पहिला अंक शेजारीपाजारी दाखवत फिरले, बंबाचं नाव कोणी काढलं नाही. पावसाळ्यानंतर मी अंक घेऊन वर्सोव्याला गेले. सुगंधाने पानं उलटली, नावांच्या ओळीवर बोट ठेवलं, ती ओळ पुरती वाचली. "झकास छापलाय गो," ती म्हणाली आणि निघताना मला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. तिने काही विचारलं असतं तर मी माफी मागितली असती. तिने विचारलं नाही, आणि मी घरी आले.

त्या एका ओळीच्या जोरावर पुढे मला लिहायची कामं मिळाली, लेखिका म्हणून नाव झालं. सहा वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा सुगंधा लग्न होऊन कुठेशी गेली होती, आणि मी जास्त चौकशी केली नाही. गेल्या रविवारी तीच सहल मी एकटीने पुन्हा केली. मढची तर अजून आहे, बोंबील अजून वाळतात. घरी येऊन पहिला अंक काढला, पिवळा पडलाय. नावांची ओळ पेनाने दुरुस्त केली, या वेळी पक्क्या काळ्या शाईने: चित्रे, दिलीप. शब्द, सुगंधा, वर्सोवा.